ज्याचा विमा, त्याची सुटका

जानेवारी २००९ च्या अखेरीस सोमाली चाच्यांनी एडनच्या आखातात ‘लाँगचॅम्प’ नावाची बोट धरली. ती नॉर्वेहून व्हिएतनामकडे रसायन घेऊन निघाली होती. चाच्यांची मागणी आली ६० लाख डॉलरची. जहाजमालकाने पहिला आकडा सांगितला ३ लाख ७३ हजार. मग फोनवर घासाघीस सुरू झाली, ती ५१ दिवस चालली आणि सौदा पटला १८ लाख ५० हजारांवर.

पुढे या घासाघिशीवरूनच खटला उभा राहिला. त्या ५१ दिवसांत खलाशांचे पगार, धोकाभत्ता, जेवण आणि इंधन यांवर झालेला खर्च एकट्या जहाजमालकाने सोसायचा की मालाच्या मालकानेही वाटून घ्यायचा? प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की खर्च वाटून घ्यायचा. कारण तो झाला म्हणूनच खंडणीतले ४१ लाख ५० हजार डॉलर वाचले. निकाल कायद्याच्या कसोटीवर चोख आहे. पण हे डॉलर वाचत होते तेव्हा बोटीवरची माणसं बंदुकीच्या धाकात बसून होती, आणि त्यांच्या त्या दिवसांना या ताळेबंदात पगार आणि जेवण यांपलीकडे रकाना नाही. अपहरण आणि खंडणीचा विमा समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी. हा विमा पैसे देण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो पैसे घाईने न देण्याचा आहे.

आधी त्याची रचना पाहू. पॉलिसी घेते ती बहुधा कंपनी: तेल उत्खनन करणारी, रस्ते बांधणारी, जहाजं चालवणारी, कधी परदेशात मदतकार्य करणारी संस्था. कोणती माणसं आणि कोणते देश विम्यात येतात, हे पॉलिसीत ठरलेलं असतं. भरपाई मिळते ती दिलेल्या खंडणीची, ती रक्कम वाटेतच लुटली गेली तर त्या नुकसानीची, वाटाघाटीच्या सल्लागाराच्या फीची, ओलिसाच्या चालू पगाराची, सुटकेनंतरच्या औषधोपचाराची. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर त्याचीही रक्कम ठरलेली असते. काय मिळत नाही, हे मात्र बारीक अक्षरांत वाचावं लागतं. रस्त्यात अडवून जागच्या जागी काढून घेतलेले पैसे बहुतेक पॉलिसींत खंडणी ठरत नाहीत, ती साधी लूट. विमाधारकाचा स्वतःचाच बनाव असेल तर प्रश्नच मिटला.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. विमा कंपनी अपहरणकर्त्याला पैसे देत नाही. ती विमाधारकाने दिलेल्या पैशांची नंतर भरपाई करते. म्हणजे रोख रक्कम उभी करायची जबाबदारी पहिल्या दिवसापासून मालकाची. पॉलिसीवर ५० लाख डॉलर लिहिलेले असले, तरी संकटाच्या आठवड्यात बँकेतून तेवढी रोकड निघेलच असं नाही. मग ती पोचवण्याचं वेगळं दिव्य. जानेवारी २००९ मध्ये ‘सिरियस स्टार’ या सौदी तेलवाहू जहाजावर पॅराशूटने पेटी टाकली गेली; तिचं अमेरिकी नौदलाने काढलेलं छायाचित्र जगभर छापून आलं. वाटा घेऊन परतणाऱ्या चाच्यांची होडी उलटली आणि त्यातले पाच जण बुडाले.

दुसरी अट गुप्ततेची. आपल्यावर असा विमा आहे, हे खुद्द विमा असलेल्या माणसाला सहसा कळू दिलं जात नाही. पॉलिसीची माहिती बाहेर फुटली, तर विमा रद्द करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. कारण उघड आहे. ओलिसामागे विमा आहे असं कळलं, की समोरच्याची मागणी पॉलिसीच्या आकड्याला जाऊन भिडते. अट शहाणपणाची आहे. पण तिच्यामुळे असंही होतं, की ज्याच्या जिवावर ही पॉलिसी उभी, त्याला ती आहे की नाही हे विचारायचीही सोय राहत नाही.

या धंद्याचा खरा माल म्हणजे वाटाघाटीचा सल्लागार. तो बहुधा माजी पोलीस किंवा लष्करी अधिकारी असतो आणि स्वतः फोनवर बोलत नाही. घरातला किंवा कंपनीतला एक शांत डोक्याचा माणूस निवडून त्याच्याकडून तो बोलणी करवून घेतो. ओलीस जिवंत असल्याची खूण मागायची, तीही फक्त त्यालाच ठाऊक असेल अशी. उदाहरणार्थ, आजोळच्या कुत्र्याचं नाव. पहिला आकडा कमी ठेवायचा. पुढची वाढ दर वेळी आधीच्यापेक्षा लहान करायची, म्हणजे आता घागरीचा तळ आला हे समोरच्याला न सांगता समजतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अर्थशास्त्रज्ञ आन्या शॉर्टलँड यांनी २०१९ च्या ‘किडनॅप’ या पुस्तकात हा व्यवहार तपशिलाने मांडला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लंडनच्या लॉइड्स बाजारात हा विमा उतरवणारे मोजकेच आहेत, त्यांना एकमेकांची खबरबात असते, आणि एकाने घाईत जास्त रक्कम मोजली तर पुढच्या अपहरणात सगळ्यांनाच ती मोजावी लागते. म्हणून कायद्याबाहेरच्या या बाजाराला शिस्त लावण्याचं काम विमा कंपन्याच करतात.

मला हे म्हणणं बव्हंशी पटतं. शिस्त नसली की काय होतं, याचा दाखला अर्जेंटिनात आहे. १९७४ मध्ये माँतोनेरोस या गनिमी संघटनेने धान्यव्यापारातल्या बॉर्न घराण्याचे दोन भाऊ पळवले आणि सुमारे ६ कोटी डॉलर घेऊन १९७५ मध्ये त्यांना सोडलं. त्याआधी एक्सॉनच्या एका अधिकाऱ्यासाठी १ कोटी ४२ लाख डॉलर मोजले गेले होते. एका कंपनीने मोजलेला आकडा ही पुढच्या कंपनीसाठी सुरुवातीची बोली ठरत होती. हा विमा जन्मला तो अमेरिकेत १९३२ मध्ये झालेल्या लिंडबर्ग बाळाच्या अपहरणानंतर. पण धंदा म्हणून तो फोफावला सत्तरच्या दशकात, लॅटिन अमेरिका आणि इटलीतल्या अपहरणांच्या लाटेवर. कंट्रोल रिस्क्स ही सल्लागार कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये निघाली, ती एका विमा दलालाच्या पोटातूनच.

इटलीने मात्र उलटी वाट धरली. १९९१ च्या कायद्याने तिथे अपहृताच्या आणि नातेवाइकांच्या मालमत्ता गोठवायच्या असं ठरलं, आणि खंडणीच्या विम्यालाही बंदी आली. पुढच्या काही वर्षांत अपहरणं ओसरली. त्यात कायद्याचा वाटा किती आणि पोलिसांच्या कामाचा किती, यावर वाद आहे. पोलिसांना पत्ता लागू न देता पैसे पोचवणारी घरंही होतीच. आपलं मूल परक्याच्या ताब्यात असताना बापाने कायदा पाळावा, ही अपेक्षा कागदावर लिहायला सोपी आहे.

इथवर हा विमा वाईट नाही असंच दिसेल. मला धोका दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. ही शिस्त चालते ती विमा असलेल्यांच्या वर्तुळात. त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला अपहरणकर्ता त्याच दराने मोजतो, पण त्याच्या बाजूने बोलणारा मात्र कुणी नसतो.

सोमाली चाचेगिरीच्या काळात हे उघड झालं. जागतिक बँक, इंटरपोल आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये काढलेल्या अहवालानुसार, २००५ ते २०१२ या काळात १७९ जहाजांच्या सुटकेसाठी ३३ कोटी ९० लाख ते ४१ कोटी ३० लाख डॉलर दिले गेले. मोठ्या कंपन्यांची जहाजं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुटत होती. ‘आइसबर्ग १’ मार्च २०१० मध्ये एडनजवळ धरली गेली. २४ खलाशी, त्यांत सहा भारतीय. मालकाने हात वर केले. चाचे आकडा सांगत राहिले, पण पलीकडून घासाघीस करायलाही माणूस नव्हता. खलाशी सुटले ते डिसेंबर २०१२ मध्ये, सोमालियातल्या पुंटलँड प्रांताच्या सशस्त्र पोलिसांनी बोटीवर हल्ला केला तेव्हा. तोवर पावणेतीन वर्षं लोटली होती आणि सुटलेल्यांची संख्या २२ होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पकडलेल्या ‘अल्बेडो’ची गत याहून वाईट. तिचाही मालक पैसे उभे करू शकला नाही. पाकिस्तानी खलाशांसाठी त्यांच्या देशात लोकांनी वर्गणी काढली आणि ते सात जण २०१२ मध्ये घरी गेले; बाकीचे तिथेच राहिले. जुलै २०१३ मध्ये नांगरलेली बोट ओलिसांसकट बुडाली. उरलेले ११ जण साडेतीन वर्षांनी, जून २०१४ मध्ये सुटले. त्यांत एक भारतीय होता.

एकाच बोटीवरचे, एकाच कोठडीतले लोक देशाप्रमाणे वेगवेगळे सुटतात, कारण एका देशात वर्गणी जमते आणि दुसऱ्या देशात जमत नाही. चाच्यांनी धरलेल्या ‘एमव्ही सुएझ’ या जहाजावर भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन आणि इजिप्शियन खलाशी होते. २०११ मध्ये त्यांच्या सुटकेसाठी पैसे गोळा करायला धावपळ केली ती पाकिस्तानातले मानवाधिकार कार्यकर्ते अन्सार बर्नी यांनी. आपल्याकडे तेव्हा वाहिन्यांवर घरच्यांचे रडतानाचे चेहरे दिसत होते आणि सरकार सांगत होतं, की खंडणी देणं हे आमचं धोरण नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मधली जागा रिकामी होती, आणि ती भरून काढायलाच तर हा विमा असतो.

पैसे देऊनही सुटका न होण्याचा प्रकार ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाचा. पंधराही खलाशी भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, चाच्यांनी आठ जणांना सोडलं आणि सात जणांना ठेवून घेतलं. भारतीय नौदलाने त्याच सुमाराला शंभरावर सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले होते. आधी आमची माणसं सोडा, मग तुमची, असा नवा व्यवहार चाच्यांनी मांडला. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले. एका बाजूला तळोजाच्या तुरुंगात खटल्याची वाट पाहणारे सोमाली, दुसऱ्या बाजूला सोमालियात सात भारतीय खलाशी. ही अदलाबदल कोणत्याही पॉलिसीच्या कलमात बसणारी नव्हती. नौदलाने चाचे पकडायला नको होते असं कुणी म्हणणार नाही. पण समोरच्याला पैशांपेक्षा दुसरंच काही हवं झालं, की विम्याची सगळी गणितं कोलमडतात, एवढं यातून दिसतं.

समोर दहशतवादी असले तर ती पहिल्या दिवसापासूनच कोलमडलेली असतात. ब्रिटनने २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कायद्यात १७अ हे कलम घातलं. दहशतवाद्यांना दिलेल्या खंडणीची भरपाई करणं विमा कंपनीसाठी गुन्हा ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने जानेवारी २०१४ मध्येच ठराव क्रमांक २१३३ करून सदस्य देशांना अशी खंडणी रोखायला सांगितलं होतं. त्यामागचं कारण टाळता येण्यासारखं नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये शोधून काढलं होतं, की अल कायदा आणि तिच्या शाखांनी २००८ पासून अपहरणांतून किमान साडेबारा कोटी डॉलर मिळवले, तेही मुख्यतः युरोपीय सरकारांकडून. तो पैसा पुढे कशात गेला हे सांगायला नको. म्हणजे बंदीमागचा विचार योग्यच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो, ते मालीत पाहा.

जुलै २०२५ मध्ये मालीच्या कायेस भागातल्या सिमेंट कारखान्यावर हल्ला करून तीन भारतीयांना पळवून नेण्यात आलं. त्याच दिवशी त्या भागात झालेल्या हल्ल्यांची जबाबदारी जेएनआयएम या अल कायदाशी जोडलेल्या संघटनेने घेतली. ही संघटना संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या यादीत आहे. अशा देशात काम करणाऱ्या कंपनीकडे लंडनची पॉलिसी असली, तरी अपहरणकर्ता यादीतला निघाला की भरपाई थांबते. समुद्रावरचा चाचा गुन्हेगार, म्हणून त्याला दिलेली खंडणी ब्रिटिश न्यायालयाने २०११ मध्ये बेकायदा मानली नाही. वाळवंटातला अपहरणकर्ता दहशतवादी, म्हणून त्याला दिलेली बेकायदा. ओलिसाला पळवणाऱ्याची जात निवडता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत नेमकं कुणी पळवलं हेच कळत नसतं, आणि स्थानिक टोळ्या माणूस पुढे मोठ्या संघटनेला विकतात. जिथे माणूस पळवला जाण्याची भीती सर्वांत जास्त, तिथेच हे छत्र सर्वांत फाटकं आहे.

भारतातही काही सर्वसाधारण विमा कंपन्या हा विमा विकतात. गिऱ्हाईक मुख्यतः निर्यातदार, बांधकाम कंपन्या, परदेशात अधिकारी पाठवणारे उद्योग. नव्वदच्या दशकात मुंबईतले बिल्डर आणि चित्रपट निर्माते खंडणीच्या फोनांनी जेरीस आले होते. १९९९ चा मोक्का कायदा संघटित गुन्हेगारीच्या त्या दहशतीतूनच आला. हा इतिहास लक्षात ठेवून कुणी पॉलिसी घ्यायला गेला, तर त्याने एक गोष्ट जाणावी. दर महिन्याला स्थानिक दादाला द्यावा लागणारा पैसा यात येत नाही; पॉलिसीला हवी असते विशिष्ट माणसाला मारण्याची किंवा पळवण्याची ठोस धमकी. दुसरं, खंडणीसाठी अपहरण हा आपल्याकडे फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेचं कलम ३६४अ होतं, आता न्याय संहितेचं १४०(२). अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना द्यावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं ३३ वं कलम सांगतं. म्हणून पॉलिसी दाखवून ‘पोलिसांकडे जायची गरज नाही, आमचा सल्लागार बघून घेईल’ असं सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्यापासून सावध राहावं. दहशतवादी संघटनेला पैसा पुरवणं यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि परकीय चलन बाहेर पाठवण्याचे नियम अपहरणाच्या दिवशीही लागूच असतात.

पण मला खरी चिंता वाटते ती पॉलिसी घेणाऱ्यांची नाही. कोकणातल्या किती घरांतला एखादा मुलगा बोटीवर आहे! एजंटाला पैसे भरून मिळालेलं पहिलं कॉन्ट्रॅक्ट, झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, क्रू भरती करणारं ऑफिस बेलापूरला. घरच्यांनी विचारलं तर उत्तर मिळतं, ‘जहाजाचा विमा आहे.’ असतोही. जहाजाच्या सांगाड्याचा असतो, युद्धजोखमीचा असतो, तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी पी अँड आय क्लबचा, म्हणजे जहाजमालकांच्या परस्पर विमासंघाचा, असतो. यांतल्या कोणत्याही एकाचा अर्थ ‘मुलगा धरला गेला तर त्याच्या सुटकेची व्यवस्था आहे’ असा आपोआप होत नाही. गिनीच्या आखातात तर चाचे बहुधा बोट पळवत नाहीत, माणसं उचलतात. डिसेंबर २०१९ मध्ये ‘नेव्ह कॉन्स्टेलेशन’वरून १८ भारतीय उचलले गेले, त्याच महिन्यात ‘ड्यूक’वरून आणखी २०. या वीस जणांतले १९ साधारण महिन्याभरात सुटले, एक कैदेतच दगावला. २०२० मध्ये जगभरात समुद्रावरून पळवलेल्या १३५ खलाशांपैकी १३० याच आखातातले होते. जहाज मालकाकडे सुखरूप आणि माणूस नायजेरियाच्या खाजणात, अशा वेळी जहाजाच्या विम्याचा काय उपयोग?

गुप्ततेमुळे पॉलिसीचा आकडा कुणी सांगणार नाही, आणि मागूही नये. पण इतर बरंच काही विचारता येतं. भरती करणाऱ्या एजन्सीकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का? जहाज कोणत्या देशाच्या झेंड्याचं आणि तो देश सागरी कामगार कराराला बांधलेला आहे का? धोक्याच्या क्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिला आहे का? खलाशाला मालकाने वाऱ्यावर सोडलं, तर चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि परतीच्या प्रवासाची हमी देणारं प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असतं. साइन ऑन केल्याच्या दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी पाठवायला किती वेळ लागतो?

सागरी कामगार करारात झालेली एक दुरुस्ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. खलाशी चाच्यांच्या कैदेत असला, कॉन्ट्रॅक्टची मुदत मधेच संपून गेली, तरी सुटून घरी पोचेपर्यंत त्याचा पगार चालू ठेवायला मालक बांधील आहे. ‘आइसबर्ग’च्या कुटुंबांना ही तरतूद दहा वर्षं आधी हवी होती. अर्थात मालक सापडला तरच तिचा उपयोग. मासेमारीच्या बोटी आणि लाकडी गलबतं या करारातून वगळलेली आहेत, म्हणजे २०१७ मध्ये सोमालियाजवळ धरलेल्या मांडवीच्या ‘अल कौसर’सारख्या गलबतावरचे लोक त्यात येत नाहीत. आणि मालीतल्या कारखान्यात करारावर गेलेल्या फिटरसाठी किंवा इलेक्ट्रिशियनसाठी तर खलाशांसारखा असा करारच नाही. तो पळवला गेला तर त्याचा पगार चालू राहणार की नाही, हे त्याच्या नेमणूकपत्रात जे लिहिलं असेल त्यावर.